आधी उजेड, मग कॅमेरा

प्रश्न असा आला आहे: "मी इंदूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोनवर फोटो काढते, घरचे म्हणतात चांगले येतात. बाबा दिवाळीला कॅमेरा घेऊन देतो म्हणालेत, चाळीस हजारांपर्यंत. व्हिडिओ बघून अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ पाठ झालंय, पण मैत्रिणीचा कॅमेरा हातात घेतला की काही सुचत नाही आणि शेवटी ऑटोवरच टाकते. ताई, कॅमेरा कोणता घेऊ, कोर्स लावू का, आणि आईला काळजी आहे की यातून पुढे काही होतं का?"

कॅमेऱ्याचं उत्तर देते, पण ते थोडं खाली. कारण 'पाठ झालंय पण सुचत नाही' हे वाक्य त्याहून महत्त्वाचं आहे. माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुलं हेच सांगतात. अ‍ॅपर्चर म्हणजे काय, हे त्यांना नीट माहीत असतं. ते बदललं की बदल्यात काय द्यावं लागतं, हे कोणी सांगितलेलं नसतं. तू कॉमर्सची आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते: इथे प्रत्येक नोंदीला दुसरी बाजू असते, एकीकडे जमा झालं की दुसरीकडे नावे पडतंच. ऑटोवर कॅमेरा हा हिशेब तुला न विचारता मिटवून टाकतो. बेसिक शिकायचं म्हणजे तो हिशेब आपल्या हातात घ्यायचा, एवढंच.

यातलं चलन म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वाढला म्हणजे उजेड दुप्पट, एक कमी झाला म्हणजे निम्मा. शटर, म्हणजे उजेड आत येऊ देण्याचा वेळ, १/१२५ सेकंदावरून १/२५० वर नेलंस की उजेड निम्मा होतो, पण हलणारी वस्तू जास्त स्पष्ट येते. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ ८ वरून एफ ५.६ वर आणलंस की उजेड दुप्पट मिळतो, पण पुढचं-मागचं जेवढं स्पष्ट दिसत होतं ते कमी होतं. आयएसओ ४०० चा ८०० केलास की फोटो उजळतो, पण बाहेरून नवीन उजेड आलेला नसतो, आहे तोच वाढवून दाखवलेला असतो. म्हणून अंधाऱ्या भागात दाणे दिसायला लागतात. तिन्ही बाजू एकमेकींना भरून काढतात. शटरने एक स्टॉप घेतला तर तो अ‍ॅपर्चर किंवा आयएसओकडून परत आणायचा.

अ‍ॅपर्चरचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे विचित्र का असतात, हा प्रश्न दर वेळी कोणीतरी विचारतंच. तो आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) भागिले आतल्या भोकाचा व्यास. भोकाचं क्षेत्रफळ निम्मं करायचं तर व्यास १.४ ने भागावा लागतो, म्हणून प्रत्येक पुढचा आकडा मागच्याच्या साधारण १.४ पट. भागाकारात व्यास खाली असल्यामुळे मोठा आकडा म्हणजे लहान भोक. एवढं एकदा डोक्यात बसलं की हा क्रम घोकावा लागत नाही.

आता हे तपासून बघ. दुपारी, लख्ख ऊन असताना गच्चीवर जा. मैत्रिणीच्या कॅमेऱ्यात मॅन्युअल मोड लाव, आयएसओ १००, एफ १६, शटर १/१२५. उन्हातल्या कुठल्याही वस्तूचा फोटो घे, बरोबर येईल. जुन्या फिल्मवाल्यांचा हा आडाखा आहे: ऊन असेल तर एफ १६, आणि शटर साधारण एक भागिले आयएसओचा आकडा, म्हणून १०० ला जवळचं १/१२५. मग एफ ८ कर. दोन स्टॉप जास्त उजेड आला, म्हणून शटर दोन पायऱ्या वर, १/५००. फोटो तितकाच उजळ येईल. एफ ५.६ ला १/१०००, परत तेवढाच. एकाच कुंडीचे हे तीन फोटो शेजारी ठेवून मागची भिंत बघ. कुठे तिची प्रत्येक वीट मोजता येते, कुठे ती मवाळ होते. तीन सेटिंग्ज, एकच उजेड, आणि तीन निरनिराळे निर्णय. हा अर्धा तास दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवतो.

पण आकड्यांच्या आधी उजेड बघायला शिकणं आलं, आणि त्याला कॅमेरा लागत नाही. दिवाळीपर्यंत तुझा फोन पुरतो. आजी किंवा घरातलं मोठं कोणी दुपारी खिडकीशी भाजी निवडत बसतं ना, तिथून सुरुवात कर. पहिलं काम, ट्यूबलाइट बंद. घरातल्या फोटोंचं सगळ्यात मोठं नुकसान वरच्या ट्यूबने होतं. डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात, कपाळ चमकतं आणि खिडकीतून आलेल्या उजेडाचा रंग बिघडतो. आता आजीचा चेहरा खिडकीच्या बाजूला अर्धवट वळलेला असू दे. खिडकीकडचा गाल उजळ, दुसरा गाल सावलीत, आणि दोन्ही डोळ्यांत खिडकीचा छोटा पांढरा चौकोन. तो चौकोन डोळ्यात दिसला नाही तर चेहरा मेल्यासारखा वाटतो. सावलीतला गाल फारच काळा होत असेल तर त्या बाजूला मेथीच्या जुडीखाली पसरलेल्या वर्तमानपत्रासारखंच एक उभं धरायला भावाला सांग. उजेड त्यावरून परतून गालावर येतो आणि सुरकुत्यांच्या कडा दिसायला लागतात. नंतर आजीला जागेवरच बसू दे आणि तू फिर. खिडकीकडे पाठ करून एक फोटो, खिडकीकडे तोंड करून एक, मधून एक. माणूस तोच, खोली तीच, तीन चेहरे वेगळे.

फोनवर एक गोष्ट मात्र आजपासूनच सोड: स्क्रीनवर नुसतं टिचकी मारून फोटो काढणं. चेहऱ्यावर बोट दाबून धर, फोकस आणि एक्सपोजर लॉक होतं. मग बोट खाली ओढून थोडा अंधार कर. फोन सहसा गरजेपेक्षा जास्त उजळ करतो, कारण स्क्रीनवर उजळ फोटो पटकन आवडतो. आणि चेहऱ्याचा फोटो फोन जवळ नेऊन काढू नकोस. फोनची मुख्य लेन्स वाइड असते, त्यामुळे चेहरा चौकटीत भरायला आपण फार जवळ जातो, आणि जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसणारच. दोष लेन्सला देतात, पण मूळ कारण अंतर आहे. दोन पावलं मागे जा, दोन एक्स झूमवर घे.

उजेडाचं दुसरं ज्ञान म्हणजे कॅमेऱ्याचं मीटर काय समजतं ते कळणं. मीटरला माणूस, भिंत, म्हैस काही कळत नाही. समोर जे आहे ते सरासरी मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरून ते उजेड मोजतं. आजोबा पांढरा सदरा घालून चुन्याच्या भिंतीसमोर उभे राहिले की मीटरला वाटतं उजेड फार झाला, ते फोटो काळपट करतं आणि सदरा धुवायला टाकल्यासारखा दिसतो. गावाकडे काळ्या म्हशीचा फोटो घे, उलटं होईल, म्हैस राखाडी होईल. उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे असं बटण असतं, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन. पांढऱ्याला अधिक एक, काळ्याला उणे एक. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, पांढऱ्याला आणखी उजेड कशाला? पण दोन-चार वेळा करून बघितलं की मीटरचं म्हणणं आणि आपलं म्हणणं यातला फरक हाताला कळतो. स्क्रीनवरचा फोटो उन्हात फसवतो, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख, बघायची सवय लाव. आलेख उजव्या भिंतीला चिकटून वर चढला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला, तो नंतर कुठल्याही अ‍ॅपने परत येत नाही.

आता सराफा बाजार. तुझ्याच शहरात रात्रीच्या फोटोग्राफीची इतकी चांगली शाळा आहे, आणि मुलं रात्रीचे फोटो शिकायला दूरच्या घाटांवर जाण्याच्या गोष्टी करतात. दागिन्यांची दुकानं बंद झाली की रस्त्यावर खाण्याची दुकानं लागतात. अकराच्या सुमारास जा, घरातल्या कोणाला तरी बरोबर घे. रात्री कॅमेऱ्यात डोळा घालून उभं राहिलं की मागे काय चाललंय ते कळत नाही, म्हणून पिशवी आणि पाठ सांभाळणारं कोणीतरी हवं. भुट्ट्याचा कीस खाऊन घे आणि दहीवडा हवेत उडवून दाखवतात त्या दुकानासमोर उभी राहा.

तिथे काय होतं ते नीट बघ. दहीवड्याचा दोना, म्हणजे द्रोण, हातातून सुटतो, वर जातो, क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि खाली येतो. वर जाताना आणि खाली येताना वेग जास्त, अगदी वरच्या टोकाला जवळजवळ शून्य. मधल्या वाटेत पकडायचा तर शटर १/५०० तरी लागेल. तुझ्याकडे ५० मिमीची एफ १.८ लेन्स असेल, तर दुकानाच्या दिव्यात आयएसओ १६०० ते ३२०० मध्ये हे जमून जातं. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स असेल तर ती ५५ वर एफ ५.६ च्या खाली उघडतच नाही. एफ १.८ ते एफ ५.६ म्हणजे सव्वातीन स्टॉपच्या आसपास, म्हणजे उजेड जवळजवळ दहा पटींनी कमी. तो भरून काढायचा तर आयएसओ वीस-तीस हजारांवर जाईल आणि फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे येतील. मग हिशेब दुसऱ्या बाजूने कर. शटर १/१०० वर आण, आयएसओ ६४०० ठेव, आणि दोना अगदी वर पोचेल तेव्हाच बटण दाब. वेग तिथे नसतोच, त्यामुळे १/१०० सुद्धा पुरतं. आधी आठ-दहा वेळा नुसतं बघ, तालात येशील. कंटिन्युअस शूटिंगवर टाकून बोट दाबून धरणारी मुलं घरी शेकडो फोटो नेतात आणि तो नेमका क्षण बहुतेक वेळा दोन फोटोंच्या मधे पडलेला असतो.

१/१०० च का म्हणाले, त्यालाही कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. स्वस्त एलईडीखाली १/५०० वर काढलेल्या फोटोत आडवे काळपट पट्टे दिसतात किंवा एक फोटो पिवळा आणि पुढचा हिरवट येतो. १/१०० किंवा १/५० ठेवलं की दिव्याची पूर्ण धडधड एकेका फोटोत सामावते आणि पट्टे जातात. म्हणजे एलईडीच्या दुकानासमोर तुझी कमी उघडणारी लेन्स तुझ्या पथ्यावरच पडली.

रंगांची गडबड मात्र सराफ्यात अटळ आहे. एका दुकानावर पिवळा बल्ब, साधारण २७०० ते ३००० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप), शेजारी पांढराशुभ्र एलईडी, साडेसहा हजारांच्या घरात. माणसाचा एक गाल केशरी, एक निळा. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे रंग जुळवणाऱ्या सेटिंगने, दोन्ही एकदम सुधारत नाहीत. एक दिवा पकड आणि तू अशी उभी राहा की चेहऱ्यावर तोच पडेल, दुसरा मागे जाईल. अंतरही लक्षात ठेव: लहान दिव्यापासून माणूस एक मीटरवरून दोन मीटरवर गेला की त्याच्यावरचा उजेड चौथाई होतो, दोन स्टॉपचा फटका. म्हणून जिलेबी तळणारा कढईपाशी वाकतो तेव्हा चेहरा उजळतो आणि सरळ झाला की अंधारतो. वाकण्याची वाट बघ.

दिवसा राजवाड्यावर जा. सात मजले, खालचे दगडी आणि वरचे लाकडी. फोटोला मोठा मोह, आणि म्हणूनच सगळ्यांचे फोटो सारखे. जवळ उभं राहून कॅमेरा वर केला की इमारत मागे कलंडते. चौकातल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्याच्या बागेपर्यंत मागे ये, लेन्स १८ वरून ३५ वर ने आणि कॅमेरा सरळ धर. रेघा उभ्या राहतील. मग त्याच ठिकाणी वेगवेगळ्या वेळी परत जा. सकाळी, भरदुपारी, पावसानंतर, दिवे लागतानाच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत, जेव्हा आकाशात निळा उरलेला असतो आणि दिव्यांचा पिवळाही दिसतो. एका जागी वारंवार जाणारा माणूस उजेड शिकतो. दर रविवारी नवीन जागी जाणारा पत्ते शिकतो.

चौकटीचे तीन-तीन भाग पाडायचा 'रूल ऑफ थर्ड्स' वगैरे तुला कुठेही मिळेल, त्यात माझा वेळ घालवत नाही. त्यापेक्षा बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरव. डाव्या कडेला कापलेला हात, वर लोंबकळणारी केबल, डोक्यातून उगवलेला विजेचा खांब. आपल्या शहरात केबल आणि खांब नसलेली चौकट सापडणं अवघडच, तेव्हा अर्धं पाऊल सरकायची सवय लागलेली बरी.

आता कॅमेरा. चाळीस हजार असतील तर मी ते एकाच वेळी खर्च करणार नाही. वापरलेला साधा डीएसएलआर किट लेन्ससह वीस-पंचवीस हजारांत मिळतो, आणि शिकण्यासाठी त्यात काही कमी नाही. नवा मिररलेस, म्हणजे डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला कॅमेरा, छान असतो, फोकस उत्तम, पण त्याच्या लेन्स महाग, आणि शिकणाऱ्याला बॉडीपेक्षा लेन्स जास्त कामी येते. उरलेल्या पैशांत ५० मिमी एफ १.८ घे, डीएसएलआरसाठीची वापरलेली मिळाली तर दहा हजारांच्या आत बसते. लहान सेन्सरच्या (उजेड टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर ती साधारण ७५-८० मिमीसारखी वागते, म्हणजे चेहऱ्यांसाठी नेमकी. दोन मेमरी कार्डं आणि एक जास्तीची बॅटरी घे. फिल्टरचे संच, रंगीत पट्टे, रिंग लाइट हे काही नको.

वापरलेला घेताना बघायच्या गोष्टी अशा. शटर किती वेळा पडलंय ते विचार. सुरुवातीच्या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाखांचं धरलेलं असतं, त्याच्या निम्म्याच्या आत असेल तर बरं. लेन्सच्या एका बाजूने फोनचा टॉर्च मार आणि दुसऱ्या बाजूने बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी परत दे. दोन-चार धुळीचे कण असले तर घाबरू नकोस, फोटोत दिसत नाहीत. एफ १६ वर आकाशाचा फोटो घेऊन मोठा करून बघ, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, पण भाव कमी करायला कामाला येते. आणि निकॉनच्या तीन हजार किंवा पाच हजारच्या मालिकेतला कॅमेरा घेतलास तर लेन्स एएफ-एस, म्हणजे आत स्वतःची मोटार असलेली, आहे ना ते बघून घे. जुन्या एएफ-डी लेन्सना त्या बॉडीत मोटार नसल्यामुळे ऑटोफोकस चालत नाही, आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही.

बुरशी बाहेरूनच येते असं नाही, आपल्याच कपाटात पावसाळ्यात तयार होते. कातडी बॅगेत लेन्स बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट. धान्याचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक, रंग बदलणारं जेल असेल तर उत्तम. आणि मुख्य म्हणजे कॅमेरा वापरत राहा.

तुझ्या मनात गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, असणारच. रंगपंचमीला राजवाड्यावर टँकरमधून उडणारा रंग आणि गुलालाचे ढग बघून कोणालाही कॅमेरा काढावासा वाटतो. पहिल्या वर्षी नवा कॅमेरा गर्दीत नेऊ नकोस. रस्त्यावरच्या एखाद्या ओळखीच्या घराची गॅलरी किंवा गच्ची मिळव आणि वरून काढ. सूर्य गुलालाच्या मागे असेल अशी जागा बघ. मागून उजेड आला की गुलालाचा ढग पेटल्यासारखा दिसतो, पुढून आला तर नुसती गुलाबी धूळ. आणि असा उजळ ढग चौकट भरतो तेव्हा मीटर परत फसतं, अधिक एक विसरू नकोस. त्या दिवशी लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाही. बॉडी आणि लेन्सच्या नळीवर किचनमधलं पातळ प्लास्टिक गुंडाळ, लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लाव. घरी आल्यावर गुलाल कापडाने पुसायला जाऊ नकोस, तो सांध्यांत आणि काचेवर घासला जातो. आधी रबरी ब्लोअरने उडव, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी.

फाइल रॉ मध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या मूळ रूपात, ठेव. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. सदऱ्याची पांढरी छटा किंवा अंधारातला गाल नंतर सावरायचा असेल तर हा फरक कामाला येतो. फोन महागडा नसला तरी बऱ्याच फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ असतं, बघ. एडिटिंग मात्र पहिले काही महिने उजेड, कॉन्ट्रास्ट आणि क्रॉप एवढ्यावरच थांबव. तयार फिल्टर लावलेस की चूक कुठे झाली तेच कळत नाही.

लोकांचे फोटो काढताना विचार. पोह्याच्या ठेल्यावरच्या माणसाला "दादा, एक फोटो घेऊ?" म्हटलं की तो पोज देतो, तो पहिला फोटो घेऊन टाक. मग तो कामाला लागतो आणि तुला विसरतो, तुझा फोटो तेव्हा सुरू होतो. नाही म्हणाला तर कॅमेरा खाली. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाहीच. आणि काढलेला चांगला फोटो नंतर छापून नेऊन दे, छोट्या प्रिंटला फार पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी त्या दुकानात आत उभं राहायला मिळतं.

कोर्सबद्दल माझं मत थोडं कडक आहे. गल्लोगल्ली चालणाऱ्या तीन महिन्यांच्या महागड्या कोर्समध्ये आत्ता पैसे घालू नकोस. वर लिहिलेलं हातात आलं, आणि तरीही हेच करायचं वाटलं, तर पदवीनंतर नीट विचार कर. गांधीनगरच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षा अवघड आहे आणि तिथे तयार कामाचा पोर्टफोलिओ लागतो. पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट आणि टीव्हीचं शिक्षण देणारी संस्था छोटे कोर्सही घेते. त्याआधी सगळ्यात स्वस्त आणि खरी शाळा म्हणजे चांगल्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे हाताखाली काम. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो आणि प्रत्येकाला माणूस कमी पडतो. पहिल्या लग्नात तू लाइट धरशील, बॅटऱ्या चार्ज करशील, कार्डं सांभाळशील आणि नवरीच्या आत्याला चौकटीतून बाजूला व्हायला गोड शब्दांत सांगशील. त्या दिवसात किती वेळा उजेड बदलतो आणि तो माणूस न थांबता काय बदलतो, तेवढं बघितलंस तरी मजुरी वसूल.

आईची काळजी रास्त आहे, म्हणून तिच्यासाठी एक माहिती. ज्यांचं नाव भारतीय फोटोग्राफीच्या इतिहासात अगदी वर येतं, ते लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला आले ते सरकारी बांधकाम खात्यात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून. रुरकीला इंजिनिअरिंग शिकलेला हा नोकरदार माणूस, कॅमेरा त्यांनी १८७४ च्या सुमारास, नोकरी चालू असतानाच हातात घेतला. स्टुडिओ, राजेरजवाडे, हैदराबादच्या निजामाची चाकरी हे सगळं नंतरचं. तेव्हा बी.कॉम. सोडायचा विषय मनातही आणू नकोस, उलट जीएसटीचं बिल स्वतः करता येणारे फोटोग्राफर इथे फार कमी आहेत आणि ग्राहकाला त्याचं कौतुक असतं.

पोट भरतं का, तर भरतं, पण लोकांना वाटतं त्या कामांनी नाही. प्रदर्शनं आणि स्पर्धांनी तर नाहीच. लग्नं हा मोठा भाग, पण हंगामी. वर्षभर चालणारं काम म्हणजे दुकानांचं. शेवेची नवीन पाकिटं, साड्यांचे कॅटलॉग, सराफ्यातल्या दागिन्यांच्या दुकानांचे हार, आणि निकाल लागले की भंवरकुआंच्या कोचिंग क्लासच्या होर्डिंगवर झळकणारे टॉपर. शेवेचं पाकीट चमकतं, त्यावर दिव्याचा पांढरा डाग न पडू देता नाव वाचता आलं पाहिजे. हार काळ्या मखमलीवर ठेवला की मीटर परत फसतं. खिडकीत आजीचा फोटो काढताना वर्तमानपत्र जिथे धरलंस तिथेच इथे पांढरा थर्माकोल धरतात. तेव्हा आत्ताच घरातली एक चमकती वस्तू, स्टीलचा तांब्या म्हण, खिडकीशी ठेव आणि त्यात तुझं स्वतःचं प्रतिबिंब येऊ न देता त्याचा फोटो काढून बघ. जमला की मला पाठव. तुळशीच्या लग्नानंतर मला हाताखाली कोणीतरी लागणारच आहे.